किती वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला?

इंदूरमध्ये काउन्सेलरला पहिल्यांदा फोन करणारा माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो, फी किती आणि किती वर्षांपासून करताय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते खरं, पण त्यातून समोरच्याला फार काही कळत नाही. लोकांचंही चूक नाही म्हणा, दाताचा डॉक्टर असो की स्वयंपाकाच्या काकू, जुना म्हणजे चांगला असं आपण धरूनच चालतो. थेरपीत ते तसं होत नाही, आणि हे नुसतं माझं मत नाहीये, लोकांनी मोजून बघितलंय.

२०१६ साली अमेरिकेत सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांच्या वर क्लायंट, एकेका थेरपिस्टची काही वर्षांची आकडेवारी. अनुभव वाढला तसे रिझल्ट सुधारले का, तर सरासरी बघता नाही, उलट किंचित घसरले, अगदी नगण्य पण घसरलेच. काही थेरपिस्ट सुधारले, आणि मधेच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण अनुभवाबरोबर कमी झालं हेही खरं. मला वाटतं माणसाला खुर्चीत टिकवून ठेवणं आम्ही शिकतो, त्याला बरं वाटायला मदत करणं आपोआप शिकतोच असं नाही.

बरं, हे आम्हाला कळतं का? अजिबात नाही. २००५ चा एक अभ्यास आहे, थेरपिस्टना विचारलं की तुमच्या क्लायंटपैकी कोण थेरपी संपताना आणखी खालावलेले असतील, तर ५५० क्लायंटमधून त्यांनी ३ नावं काढली. प्रत्यक्षात खालावले ४०, आणि त्या तीन नावांतलं बरोबर निघालं फक्त एक. २०१२ मध्ये १२९ थेरपिस्टना स्वतःची पातळी विचारली तर सरासरीच्या खाली एकही नाही, आणि चौथाई लोकांनी स्वतःला वरच्या १० टक्क्यांत बसवलं!

कारण साधं आहे, ज्याला फायदा होत नाही तो भांडायला येत नाही, तो यायचाच बंद होतो. मुलांच्या परीक्षा आहेत, सासूबाईंना बरं नाहीये, नंतर कळवते ताई, असा मेसेज येतो आणि आपण समजतो की चला, बहुतेक बरं वाटलं असेल. त्यात आपली मराठी माणसं समोरासमोर कधी म्हणणार नाहीत की आजचं सेशन फुकट गेलं. सेशनच्या शेवटी भरायचे छोटे फॉर्म असतात, चार रेघा, प्रत्येक १० सेंटिमीटरची, कुठेतरी खूण करायची, जितकी उजवीकडे तितकं सेशन चांगलं, एकूण गुण ४०. आमच्याकडे सगळ्या खुणा उजव्या टोकाला, ४० पैकी ४०, जणू मीच पास व्हायला बसलेय. म्हणून मी आता फॉर्म बाजूला ठेवून विचारते की आज जे बोललो त्यातलं काय काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, असं विचारलं की दोन मिनिटं आढेवेढे घेऊन का होईना, कायतरी खरं बाहेर येतं.

ट्रेनिंगमध्ये हे सगळं बघायला वरती कोणीतरी असतं, क्लिनिकल सायकॉलॉजी शिकताना सुपरविझनखालीच काम करावं लागतं. पण एकदा दार बंद करून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली की आत काय चाललंय हे कोणालाच माहीत नसतं. मग उरतात सेमिनार, हजेरीचे पॉइंट्स मिळतात, जेवण चांगलं असतं, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९४० च्या सुमाराला ओहायोत सेशन्स ग्रामोफोनच्या डिस्कवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ मध्ये एक अख्खी केस शब्दन् शब्द छापली, त्याआधी बहुतेक वेळा थेरपिस्ट जे आठवून सांगेल तेच खरं. आणि आज सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर असूनही बहुतेक जण स्वतःला ऐकत नाहीत, कारण ऐकवत नाही, सॉरी पण खरंय.

राजेंद्रनगरला आमचा थेरपिस्टांचा चार-पाच जणींचा ग्रुप जमतो. क्लायंटची लेखी परवानगी असेल तरच रेकॉर्डिंग, नावगाव काढून, आणि तेही दोन मिनिटांचाच तुकडा, जिथे अडकलो तिथला. नियम एकच, चर्चा करायची नाही, तू असतीस तर काय बोलली असतीस ते बोलून दाखव, मग परत, मग परत. गाण्याच्या क्लासला एकच पलटा घोटून घेतात ना, तसंच. सासूचा विषय निघाला की आम्ही सगळ्या सल्ला द्यायला धावतो हे असं ऐकूनच कळलं. याला डेलिबरेट प्रॅक्टिस म्हणतात, मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सननी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरून मांडलेली कल्पना. थेरपिस्टवर २०१५ मध्ये एक अभ्यास झाला, एकट्याने असा सराव जास्त करणाऱ्यांचे रिझल्ट चांगले निघाले, पण सरावाची माहिती होती फक्त १७ थेरपिस्टची, त्यामुळे फार नाचायला नको.

इथली खरी अडचण वेगळीच आहे भिया, इंदूरचं मराठी जग लहान. नाव काढा, गाव काढा, तरी "रामबागेतला, बँकेत आहे, धाकटा भाऊ अमेरिकेत" एवढ्यावर ग्रुपमधली कोणीतरी ओळखणारच, गणपतीत नाहीतर लग्नात भेटलेली असते. म्हणून मराठी घरातल्या केसेस मी ग्रुपमध्ये नेतच नाही, त्या पुण्याच्या सुपरवायझरकडे, ऑनलाइन. तिला इथलं काही माहीत नसतं, घरात मराठी, शाळेत हिंदी, पुण्यात गेलं की आपल्या बोलण्याला हसतात, सगळं समजावून सांगावं लागतं. आधी याचा कंटाळा यायचा, आता तेच कामाचं वाटतं. पुण्याची स्थळं नाकारणाऱ्या एका मुलीबद्दल तिने एकदा विचारलं की पण या मुलीला पुण्याचं स्थळ का नको आहे. इथल्या कोणीही हा प्रश्न विचारला नसता, भाषेची लाज वाटत असेल असं गृहीत धरून पुढे गेलो असतो. मी तो तसाच्या तसा पुढच्या सेशनमध्ये विचारला. अर्धा तास त्यावरच गेला, आणि कारण भाषेचं नव्हतंच, होतं ते भलतंच, ते काय ते इथे लिहिता येणार नाही.