सुजलेल्या पायांना सोडून

‘गावात हत्तीपायाची माणसं समोर दिसतात. त्यांना सोडून धडधाकट लोकांले झोपेतून उठवून रक्त कायले घेता?’ लग्नात, एसटीत, वर्ध्याच्या टपरीवर, सगळीकडे हेच. हत्तीपायाच्या तपासणीसाठी रात्री घरोघरी रक्त घेणाऱ्यांतली मी. विचारता आहात, तर एकदा लिहूनच टाकते.

रात्रीचं कारण सोपं आहे. हत्तीपाय एका जंतामुळे होतो. त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळ येतात. नालीतल्या घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. डासातून हा जंत पसरतो हे कोडं पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरनं १८७७ मध्येच उलगडायला घेतलं होतं, आमचा त्यात काही पराक्रम नाही.

धडधाकटांचं समजावणं मात्र जमत नाही. एका गावात एक म्हातारी सगळ्यांत आधी पुढे आली. पाय खांबासारखा. बोट पुढे करून म्हणाली, ‘माह्यं घ्या आधी.’ तिच्या रक्ताच्या काचपट्टीवर काहीच निघालं नाही. तिच्या हसऱ्या, पहिलवान पोराच्या पट्टीवर मात्र जंताच्या पिल्लांची जांभळी वेटोळी होती. बहुतेकदा असंच असतं. सूज येईपर्यंत रक्तातली पिल्लं संपलेली असतात, लसिकावाहिन्यांचं, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं, नुकसान तेवढं उरतं. डासाला जंत पुरवतो तो न सुजलेला माणूस.

म्हातारीनं विचारलं, ‘मंग माह्यात जंत नाई, तं पाय उतरन ना?’

मी साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, झोपताना पाय उशीवर घेणं सांगितलं. यानं वारंवार येणारा ताप नि दुखणं खरंच कमी होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

पोरानं डीईसी नि अल्बेंडाझोल या जंतावरच्या गोळ्या घेतल्या. रात्री ताप, उलट्या. पिल्लं मरताना असं होतं, हे दोघांनाही आधी सांगितलं होतं. सकाळी म्हातारी ओट्यावरून ओरडत होती, ‘चांगल्या पोराले पाडलं यायनं!’ गोळ्या वाटायच्या पुढच्या फेरीत त्या गल्लीत कुणी गोळी हातात घेतली नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मला वाटायचं, काचपट्टी दाखवली की लोकांना पटतं. तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते: पुरावा होता ना? होता. पण त्या घरात जिला त्रास होता तिला औषध नव्हतं, आणि ज्याला औषध दिलं त्याला आमच्या गोळीआधी त्रासच नव्हता. तिच्या ओट्यावरून बघितलं तर मीही दार उघडलं असतं की नाही, सांगता येत नाही. तरी गोळ्या घ्याच, असंच म्हणेन.