सामुराईंच्या हातातली ठासणीची बंदूक

'द लास्ट सामुराई' (२००३) बघणारे बघतात ते शेवटच्या घोडदौडीसाठी. समोर तोफा आणि गॅटलिंग (दांडा फिरवून धडाधड गोळ्या झाडणारी बंदूक), इकडे चिलखतं, धनुष्यं, तलवारी. अंगावर काटा येतो, यात वाद नाही. पण हे ज्यावर बेतलंय त्या जपानमधल्या १८७७ च्या सात्सुमा बंडात, म्हणजे सात्सुमा प्रांतातल्या सामुराईंनी सरकारविरुद्ध केलेल्या उठावात, त्यांच्याकडे बंदुकाही होत्या आणि तोफाही. चिलखत घालून लढायचे दिवस संपले होते. त्यांचा पुढारी सायगो ताकामोरी तर सरकारी जनरलच्याच गणवेशात निघाला होता.

मग हरले कशामुळे? बरीच कारणं आहेत, पण एक सातारकराला लगेच पटेल. पाऊस.

बंडवाल्यांची मुख्य मदार एनफिल्डवर. आपल्याकडे १८५७ ला जिच्या काडतुसावरून भडका उडाला, तीच ही ठासणीची बंदूक. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी घालून गजानं ठासायची, गज परत खोवायचा, घोडा अर्धा ओढून बार पेटवणारी टोपी बसवायची, मग नेम. हात बसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार उडवणार. तेही उभ्यानं किंवा गुडघ्यावर, कारण पालथं पडून नळीत दारू ओतणं जवळपास अशक्य. आणि कागद भिजला की दारूचा लगदा. यवतेश्वरच्या घाटात आषाढात काडेपेटी कोरडी ठेवून बघा, म्हणजे त्यांचे हाल कळतील.

सरकारी फौजेकडे स्नायडर जास्त. एनफिल्डचाच मागचा भाग कापून तिथं उघडझाप करणारं झाकण बसवलं की झाली स्नायडर. झाकण उघडा, धातूच्या बुडाचं काडतूस सरकवा, बंद करा. मिनिटाला आठ-दहा बार, झाडामागे आडवं पडूनसुद्धा.

हा फरक तबारुझाकाच्या चढावर जिवावर बेतला. कुमामोतोच्या सरकारी किल्ल्याला बंडवाल्यांचा वेढा पडला होता आणि सुटकेला निघालेल्या फौजेला तोफा ओढत न्यायच्या तर सोयीची वाट हीच: खोलगट, दोन्ही अंगांना उंच दरडी. ४ ते २० मार्च, सतरा दिवस झुंज. गोळीबार इतका दाट की हवेतच एकमेकींवर आदळून चिकटलेल्या गोळ्या तिथल्या संग्रहालयात ठेवल्यात. बंडवाले तलवार उपसून अंगावर आले की सक्तीच्या भरतीतले शेतकऱ्यांचे पोरगे बिचकायचे. त्यावर सरकारनं पोलिसांतल्या तलवारबाजांची वेगळी तुकडी उभी केली. म्हणजे तलवार सरकारच्या बाजूनंही चालली! सिनेमात याचा मागमूस नाही.

उलट सुरुवातीचा कवायतीचा प्रसंग मला सगळ्यात खरा वाटतो. टॉम क्रूझचा ऑल्ग्रेन एका नवख्या शिपायाला स्वतःवर गोळी झाडायला सांगतो आणि त्याच्या आसपास पिस्तुलाचे बार काढत राहतो. पोराचे हात थरथरतात, भरताना गडबडतो, नेम चुकतो. ठासणीची बंदूक रणात कुठं दगा देते ते यात चोख दाखवलंय. मात्र असल्याच भरतीतल्या पोरांसह चार हजारांच्या आत-बाहेरच्या शिबंदीनं कुमामोतोचा किल्ला पन्नासहून जास्त दिवस लढवला, हेही लक्षात असू द्या.

इभ्रतीबद्दल सिनेमा भरभरून बोलतो, पोटाबद्दल गप्प. मार्च १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, आणि त्याच वर्षी सामुराईंचे पिढीजात तनखे बंद करून हातात सरकारी रोखे ठेवले गेले. १८४८ ला राज्य खालसा झालेलं आणि मागोमाग इनाम कमिशन सोसलेलं गाव आपलं. वतन गेलं की घराचं काय होतं ते इथं वेगळं सांगायला नको.

पापक्षालनाचंही तसंच. पडद्यावर सामुराईंचा पुढारी कात्सुमोतो पडतो आणि थोड्याच वेळात त्याची तलवार सम्राटापुढे पोचते, सम्राट गहिवरतो. खरा सायगो २४ सप्टेंबर १८७७ ला शिरोयामा टेकडीवर मरण पावला, गोळी लागून जखमी झाल्यावर. त्याच्यावरचा बंडखोरीचा शिक्का पुसायला सरकारला १८८९ साल उजाडावं लागलं.