सुनंदाचा गुडघा आणि माथेरान

शाळेतल्या आम्हा मैत्रिणींचं माथेरान कितीदा तरी पुढे ढकललं गेलं, ते सुनंदाच्या गुडघ्यामुळे. ऑपरेशननंतर ती सपाटीवर चालते, पण चढ आणि दगडगोटे नकोत. आणि माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे तर मोटारगाडी जातच नाही. तिला सोडून जायचं नाही, हे मात्र पक्कं होतं.

दादरहून कर्जत लोकलने नेरळ गाठलं. १९०७ पासूनची मिनी ट्रेन तिथूनच निघते, पण जागा मोजक्या आणि वर पोचायला अडीच तासांहून जास्त. तेवढा वेळ गुडघा दुमडून बसणं सुनंदाला झेपलं नसतं, म्हणून शेअर टॅक्सीने दस्तुरी.

उतरताच घोडेवाले, हमाल, हातरिक्षावाले भोवती जमले. बॅगा एका हमालीणबाईंकडे दिल्या, पैसे आधी ठरवून. हातरिक्षात बसायला मात्र सुनंदाने साफ नकार दिला. "माणसाने मला ओढायचं? नाही गं बाई." तिचं बरोबरच होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्या ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

खरा आधार अमन लॉजचा. नाक्याजवळच्या या छोट्या स्टेशनवरून माथेरानपर्यंत मिनी ट्रेनचं शटल आहे. तिकीट तिथल्या खिडकीवर. दोघी रांगेत उभ्या राहिलो, सुनंदाला बाकावर बसवलं, आणि साधारण वीस मिनिटांत थेट बाजारात उतरलो! पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते तेव्हाही हे शटल चालतं. घरात आईवडील थकलेले असतील तर एवढं लक्षात ठेवा. हॉटेलवाल्याला खोलीच्या भाड्याआधी विचारा, स्टेशनपासून चालायचं किती आणि वाटेत चढ आहे का.

संध्याकाळी तांबड्या मातीच्या रस्त्यावरून चौघी एका ओळीत चाललो, हातात हात घालून, रस्त्याच्या मधोमध. दादरला आम्ही एकीमागे एक चालतो, बोलणं अर्धवट तुटतं. इथे सुनंदा हवं तिथे थांबत होती, आणि मागून हॉर्न देणारं कुणी नव्हतं. शार्लोट लेकपर्यंत ती सावकाश आली. पॅनोरमा पॉइंट लांब, तो सोडला.

परतताना शेवटच्या शटलवर विसंबलो नाही. दुपारचीच गाडी धरली, त्यामुळे नेरळहून लोकलमध्ये सुनंदाला खिडकीची जागा मिळाली.