जेरेमी ब्रेटचं काम नेमकं सापडतं कुठे?

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्स मालिका बघून संपली की अनेकजण मला एकच गोष्ट विचारतात : त्यात होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटबद्दल एवढं सगळं तुम्हाला मिळतं तरी कुठून? विचारणाऱ्यांत भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेले वाचक बरेच असतात. मनातला होम्स पडद्यावर जसाच्या तसा भेटला की त्या नटाचं आधीचं काम बघावंसं वाटणारच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

विकिपीडिया आणि आयएमडीबी तुम्ही पाहिलेलं असणारच. दोन्हीकडच्या नोंदी वाचकांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे यादी हाताशी ठेवायला त्या उत्तम, पण त्यातली प्रत्येक ओळ दुसरीकडे पडताळावी लागते. शिवाय नुसती यादी वाचून ब्रेट कळत नाही. १९८४ ते १९९४ होम्स, त्याआधी 'माय फेअर लेडी' चित्रपटातला प्रेमवेडा फ्रेडी, आणि मधली सगळी वर्षं म्हणजे नुसती नावं.

ती वर्षं भरून काढायची तर आधी एक गोष्ट बघायची : कार्यक्रम दाखवला कुणी? बीबीसीने की आयटीव्ही या खाजगी वाहिनीच्या एखाद्या कंपनीने? ब्रिटनमध्ये या दोघांचे कार्यक्रम कित्येक वर्षं वेगवेगळ्या साप्ताहिकांत छापले जात. बीबीसीचे 'रेडिओ टाइम्स'मध्ये, आयटीव्हीचे 'टीव्ही टाइम्स'मध्ये. यातल्या 'रेडिओ टाइम्स'चे १९२३ ते २००९ पर्यंतचे कार्यक्रम 'बीबीसी जीनोम' नावाच्या संग्रहात शोधता येतात, फुकट. नटाचं नाव टाकलं की तारीख, वेळ, भूमिका, सोबतचे कलाकार, दिग्दर्शक सगळं समोर येतं. माझं सर्वात लाडकं ठिकाण हेच. १९६६च्या 'द थ्री मस्केटियर्स'मधला ब्रेटचा दार्तान्यां तिथे भेटतो, १९७९च्या 'रेबेका'मधला मॅक्सिम डी विंटर भेटतो. १९६८ची 'द मेरी विडो' भेटते, आणि तिच्यासाठी तर मी सगळ्यांना आग्रहाने तिकडे पाठवते. 'माय फेअर लेडी'त फ्रेडीच्या तोंडी जे गाणं आहे, ते बिल शर्लीच्या आवाजातलं. त्यामुळे ब्रेटला गाता येत नसावं असा समज होतो. पण 'द मेरी विडो' या ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेत, तो काउंट डॅनिलो आहे आणि स्वतः गातो!

जीनोम वापरताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. साप्ताहिक आधी छापलं जायचं, त्यामुळे ऐनवेळी झालेले बदल त्यात नसतात. आणि मजकूर यंत्राने वाचून घेतलेला असल्याने नावांत अक्षरं इकडची तिकडे होतात. आडनावाने शोधून काही मिळालं नाही तर नाटकाच्या किंवा मालिकेच्या नावाने शोधा.

नुसत्या जीनोमवर विसंबलं तर काय निसटतं, ते डोरियन ग्रेच्या गोष्टीवरून दिसतं. १९७६ साली बीबीसीने ऑस्कर वाइल्डच्या या कादंबरीवरचं नाटक दाखवलं. त्यात डोरियन होता पीटर फर्थ, लॉर्ड हेन्री होता जॉन गिलगुड, आणि डोरियनचं चित्र काढणारा बेसिल हॉलवर्ड जेरेमी ब्रेट. एवढं जीनोमवर मिळतं. पण १९६१मध्ये आयटीव्हीच्या 'आर्मचेअर थिएटर' या नाट्यमालिकेत ब्रेट स्वतः डोरियन होता, आणि तो प्रयोग बीबीसीचा नसल्याने जीनोमवर त्याचा मागमूस नाही. त्यासाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहाची सूची बघावी लागते. तरुणपणी कायम तरुण राहणाऱ्याची भूमिका, पंधरा वर्षांनी त्याच्याकडे हताशपणे बघत राहणाऱ्या चित्रकाराची. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा हा नट मला खऱ्या अर्थाने दिसायला लागला.

जुनं काम बघायलाच मिळेल अशी खात्री मात्र धरू नका. व्हिडिओ टेप महाग असायची, म्हणून त्या काळी कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरत. साठच्या दशकातल्या कितीतरी ब्रिटिश प्रयोगांची आज छापील नोंद तेवढी उरली आहे. म्हणून ती नोंद मी मन लावून वाचते.

रंगभूमीसाठी 'थिएट्रिकॅलिया' हा ब्रिटिश प्रयोगांचा संग्रह आणि लंडनच्या नॅशनल थिएटरच्या अभिलेखागाराची सूची. १९६७मध्ये नॅशनल थिएटरने 'अॅज यू लाइक इट' फक्त पुरुष नटांना घेऊन केलं, त्यात नायिका रोझलिंड होता रोनाल्ड पिकअप आणि नायक ऑर्लँडो ब्रेट. १९८०चं काम मात्र ब्रिटनमधल्या नोंदींत शोधत बसू नका. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर होम्स होता चार्लटन हेस्टन आणि त्याचा वॉटसन होता, हो, जेरेमी ब्रेट! याच्या खुणा अमेरिकन वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत आहेत. होम्स होण्याआधी हा माणूस होम्सकडे वॉटसनच्या जागेवरून बघून आला होता, हे कळल्यावर मालिकेतलं त्याचं वॉटसनशी वागणं पुन्हा बघा. आधी डेव्हिड बर्क, नंतर एडवर्ड हार्डविक, दोघांशीही. त्या तुसडेपणाखाली केवढी माया आहे!

होम्ससाठी मी सुचवते ते ठिकाण नटाविषयीचं नाहीच. 'स्ट्रँड' मासिकाचे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर पानोपान उपलब्ध आहेत. 'अ स्कँडल इन बोहेमिया' जुलै १८९१च्या अंकात आली, सिडनी पॅजेटच्या चित्रांसह. मालिकेची सुरुवातही याच कथेने झाली, २४ एप्रिल १९८४ला. कथेचं पान एका खिडकीत, तो भाग दुसऱ्या खिडकीत उघडा आणि थांबत थांबत बघा. निर्माते मायकल कॉक्स यांना मूळ कथांशी इमान राखायचं होतं, आणि पॅजेटची चित्रं मालिकेत जागोजागी जिवंत केलेली आहेत. खुर्चीत रेलण्याची ढब, हातांची ठेवण, कोटाची पडण. 'द फायनल प्रॉब्लेम'साठी तर मंडळी स्वित्झर्लंडला खुद्द कथेतल्या रायखेनबाख धबधब्यावर गेली. नटाने भूमिकेचा अभ्यास केला म्हणजे काय केलं, हे कुठल्याही मुलाखतीपेक्षा इथे लख्ख दिसतं.

ब्रेटच्या आजारपणाबद्दलही इंटरनेटवर खूप लिहिलेलं सापडेल. त्याची पत्नी जोन विल्सन १९८५मध्ये गेली, त्यानंतर त्याला मानसिक आजाराने गाठलं, औषधांनी आणि हृदयाच्या दुखण्याने शेवटच्या भागांतलं त्याचं शरीर बदललं, आणि १२ सप्टेंबर १९९५ला तो गेला. हयातीत तो या आजाराबद्दल उघडपणे बोलला होता, तेव्हा त्याचं स्वतःचं बोलणं ऐकावं. बाकीच्यांनी रंगवलेल्या कहाण्यांत नाव, तारीख, कुणी कुठे सांगितलं याचा पत्ता नसेल, तर त्या खुशाल सोडून द्या. शेवटचे भाग बघताना अनेकजण त्याची सूज बघतात. मी डोळे बघते, ते तसेच धारदार आहेत.

आजच सुरुवात करायची असेल तर जीनोमवर 'रेबेका', १९७९ टाका. मॅक्सिम डी विंटरच्या खाली जी नावं येतील त्यांतलं एखादं उचला आणि त्याच्या मागे लागा.