न सरकणारा दिवा

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की वडील रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागत आणि मलाही सोबत नेत. शेकोटीकडे टक लावून बसू नकोस, बांधापलीकडचे काही दिसणार नाही, असे ते बजावत. गेल्या फेब्रुवारीत शिडाच्या नौकेने मुंबईहून गोव्याला जाताना त्यांचे हे बोलणे मला पहिल्याच रात्री आठवले. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिले की तो सराव क्षणात जातो.

नौका ११ मीटर लांबीची होती आणि आम्ही चौघे दोघादोघांच्या जोडीने तीन-तीन तास पहारा देत होतो. पाण्यापासून २ मीटर उंचीवर डोळे असले तर क्षितिज जेमतेम ३ सागरी मैलांवर असते. मोठ्या जहाजाचे डोलकाठीवरचे पांढरे दिवे त्याहून बरेच आधी दिसतात, पण आमच्या आकाराच्या नौकेचे लाल-हिरवे दिवे १ मैलावरून दिसले तरी नियमाला पुरेसे असतात. दोघांचा एकमेकांकडे येण्याचा एकत्रित वेग २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल, धरला, तर हे अंतर तीन मिनिटांत संपते. म्हणूनच ते आपल्याला पाहतील, या भरवशावर मी कधीही राहणार नाही.

दुसऱ्या रात्री जयगडच्या बाहेर नैर्ऋत्येकडे दोन पांढरे दिवे आणि खाली एक लाल, म्हणजे जहाजाच्या डाव्या बाजूचा, दिवा दिसला. होकायंत्रावर त्याची दिशा २३० अंश होती. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले, तरी २३० अंशच. आणखी पाच मिनिटांनीही तीच, आणि दिवे मात्र अधिक ठळक झालेले. दिशा बदलत नाही आणि अंतर घटते आहे, याचा अर्थ टक्कर होण्याचा धोका आहे, हे समुद्रावरील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि समुद्रावर याहून महत्त्वाचे निरीक्षण मला ठाऊक नाही. जो दिवा सरकतो तो आपल्या वाटेतून निघून जातो, म्हणून नजर खिळवायची ती न सरकणाऱ्या दिव्यावर. खुल्या समुद्रात शिडाच्या नौकेला यंत्राच्या जहाजाने वाट द्यावी असा नियम असला, तरी बंदराकडे वळणारे ते अवजड जहाज पाहून आम्ही वेळीच नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, उजवीकडे वळवली आणि त्याच्या मागून गेलो. लाल दिवा मावळून मागचा पांढरा दिवा दिसला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मासेमारी करणाऱ्या नौकांपुढे मात्र वाट देण्याचे काम आपले असते. १ जून ते ३१ जुलै ही बंदी वगळता आपल्या किनाऱ्यावर त्या रात्रंदिवस असतात. हर्णैच्या समोर एका वेळी मी चाळीसहून अधिक दिवे मोजले. जहाजांची ओळख दाखवणाऱ्या पडद्यावर त्यांतले फारच थोडे दिसत होते, त्यामुळे पडदा मोकळा म्हणजे समुद्र मोकळा असे समजणे घातक ठरले असते. जाळी कुठवर पसरली आहेत, हे तर तरंगणाऱ्या लुकलुकत्या दिव्यांवरूनच ताडावे लागत होते.

पहारा बदलताना आम्ही प्रत्येक दिव्याची दिशा मोठ्याने सांगत असू आणि ऐकणारा ती बोट दाखवून परत म्हणे. झोपेतून आलेल्याचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत आधीची जोडी खाली जात नसे, मग पहाटेचे तीन वाजलेले असोत आणि थंडीने बोटे सुकाणूवर आखडलेली असोत.