गव्हाच्या मुळांवरील मायकोरायझा आणि निम्मे स्फुरद: रब्बीतील प्रगतीची नोंद

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या बाजूला असलेल्या एका गुंठ्याच्या काळ्या जमिनीत या रब्बीला मायकोरायझाचा, म्हणजे पिकाच्या मुळांशी नाते जोडून जगणाऱ्या बुरशीचा, प्रयोग चालू आहे. स्फुरद (फॉस्फरस) निम्मे केल्यास ती किती उपयोगी पडते हे त्यात पाहतो आहे, आणि गहू आता कांडी धरण्याच्या अवस्थेत आला आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा त्र्यंबक हा वाण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर ठेवून पेरला. याआधी तेथे सोयाबीन होते, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण कोबी, फ्लॉवर किंवा मोहरीच्या मुळांशी ही बुरशी नाते जोडत नाही. अशा पिकानंतर जमिनीतील मूळची मायकोरायझा घटलेली असते आणि तुलनेचे चित्र वेगळे दिसू शकते.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. गुंठ्याच्या हिशेबात ते सुमारे २.६ किलो युरिया, ३.७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ०.६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. चार सारख्या वाफ्यांपैकी दोन वाफ्यांना पूर्ण स्फुरद आणि दोन वाफ्यांना निम्मे दिले. नत्र आणि पालाश मात्र सगळीकडे सारखेच ठेवले, निम्मे नत्र पेरणीला आणि निम्मे मुकुटमुळे फुटताना, पहिल्या पाण्याच्या वेळी. प्रत्येक जोडीतील एका वाफ्यात पेरणीच्या ओळीत, बियाण्याच्या खाली, मायकोरायझाचे संवर्धक, म्हणजे जिवंत बुरशी असलेली विकतची भुकटी, टाकले. दुसऱ्यात तेच संवर्धक कुकरमध्ये भरपूर वेळ शिजवून टाकले, म्हणजे संवर्धकाच्या भुकटीसोबत येणारी अन्नद्रव्ये दोन्हीकडे सारखी राहतात आणि फरक उरतो तो जिवंत बुरशीचाच. (घरच्यांनी त्यानंतर तो कुकर स्वयंपाकाला वापरू दिलेला नाही.)

स्फुरदावरच एवढा भर देण्याचे कारण असे की ते जमिनीत फारसे सरकत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तर ते कॅल्शियमशी बांधले जाते, मुळाभोवतीचा मिलिमीटरभराचा पट्टा लवकर रिकामा होतो आणि त्यापलीकडचे स्फुरद मुळाला मिळत नाही. मायकोरायझाचे धागे मुळाच्या केसाहूनही बारीक असल्याने त्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात, आणि त्या बदल्यात पीक त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरवते. मात्र स्फुरदाची टंचाई जाणवली तरच मुळे बुरशीला बोलावणारी रसायने अधिक प्रमाणात सोडतात. सहज मिळणारे स्फुरद भरपूर असेल तर पीक हा व्यवहार आवरता घेते. त्यामुळे पूर्ण स्फुरदाचा डोस आणि महागडे संवर्धक एकाच ओळीत टाकण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ट्रायकोडर्माला हा नियम लागू नाही. ती निराळी बुरशी आहे, तिचे मुख्य काम जमिनीतील रोगकारक बुरशींना रोखणे आणि सेंद्रिय पदार्थ कुजवणे हे आहे, आणि दुकानात दोन्ही एकाच नावाखाली मागण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

पानांचा रंग पाहून मायकोरायझा लागल्याचे ठरवता येत नाही, तो बहुधा नत्राचाच असतो. म्हणून फुटवे येत असताना प्रत्येक वाफ्यातून बारीक मुळे काढली, १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून पारदर्शक केली (हातमोजे आणि चष्मा अनिवार्य), व्हिनेगरमधून धुतली आणि पाच टक्के शाई मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटे उकळली. ही शाईची पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विषारी रंगांशिवाय घरी करण्याजोगी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली निम्मे स्फुरद आणि जिवंत बुरशी असलेल्या वाफ्याची मुळे सर्वाधिक निळी दिसली, पेशींत झुडपासारख्या फांद्याही स्पष्ट होत्या. पूर्ण स्फुरदाच्या दोन्ही वाफ्यांत अशा खुणा शोधाव्या लागल्या. खरे लक्ष वेधले ते शिजवलेल्या संवर्धकाच्या, निम्मे स्फुरद दिलेल्या वाफ्याने: तेथेही बुरशी बरीच होती, म्हणजे सोयाबीनमागे जमिनीतच राहिलेली. माझ्या जमिनीत स्फुरद कमी करण्याचा परिणाम पिशवीतल्या संवर्धकापेक्षा मोठा ठरतो आहे, असे आज तरी माझे मत आहे.

वाढीत सुरुवातीला पूर्ण स्फुरदाचे वाफे पुढे होते. डिसेंबरच्या थंडीत माती गार पडली की बुरशीची वाढ मंदावते आणि स्फुरदही मुळाकडे हळू पोहोचते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. आता फुटव्यांच्या संख्येत डोळ्यांना फरक दिसत नाही. ओंबीतील दाणे आणि हजार दाण्यांचे वजन कापणीला प्रत्येक वाफ्याचे स्वतंत्र घेईन. एका हंगामाच्या चार वाफ्यांवरून डोस कमी करण्याचा सल्ला कोणाला देणार नाही. आधी माती परीक्षणातील उपलब्ध स्फुरदाचा आकडा पाहावा, आणि तो कमी असेल तर हात आखडू नये. कापणीनंतर धसकटे न उपटता त्याच वाफ्यांत उन्हाळी मूग टाकणार आहे, कारण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही.