शिवराईची अक्षरं जुळवताना

गेल्या वर्षीच्या नोंदीत लिहिलं होतं, की यंदा नवी नाणी कमी घेईन आणि आहेत त्यांच्याकडे नीट बघेन. पहिलं अर्धवट जमलं, दुसरं पुरतं. संग्रहातलं प्रत्येक नाणं शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोललं, कॅलिपरने व्यास मोजला, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढले. एकूण ४१२ नाणी भरली. हे करताना काही नाणी परत डब्यात जाईनात. बघून झालं तरी ती टेबलावरच राहायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात यायची. शेवटी त्यांचा वेगळा ट्रे केला. ही नोंद त्या ट्रेची आहे.

ट्रेमधली निम्म्याहून जास्त जागा शिवराईने, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या पैशाने, घेतली आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती टिंबांचं वर्तुळ, हे वर्णन आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण माझ्याकडच्या ३७ शिवरायांपैकी एकीवरही हे सगळं एकत्र दिसत नाही. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे चकती ठशाखाली जशी सरकेल तेवढाच मजकूर तिच्यावर उतरला. कुणाकडे ‘श्री’ची नुसती वेलांटी आहे, कुणाकडे ‘राजा’ अख्खा आणि खाली ‘शिव’चा माथा, कुणाकडे ‘त्र’ आणि ‘ति’ तेवढे. सुरुवातीला मला हे नाण्यांचं उणेपण वाटायचं आणि पूर्ण मजकुराचं एक तरी नाणं हवं असा ध्यास होता. आता तसं वाटत नाही. हाताने घण मारून पाडलेल्या पैशावर त्या एका क्षणी काय घडलं तेच उमटलं आहे.

वजनांचा तक्ता भरताना एक गोष्ट ठळक दिसली. सुरुवातीच्या काळातल्या वाटणाऱ्या, रेखीव अक्षरांच्या नाण्यांची वजनं ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास आहेत. अक्षरं जाड आणि ओबडधोबड होत जातात तशी वजनंही घसरतात. माझ्याकडच्या दुदांडी शिवराया, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या, सगळ्या १० ग्रॅमच्या आत आहेत. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, १६८० मध्ये महाराज गेले. पण पैशावरचं नाव पुढची दीडशे वर्षं तसंच राहिलं. दुदांडी तर पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या अमलातही पाडली गेली. मधल्या काळात ‘शिव’चा ‘सिव’ झाला, ‘पति’चा ‘पती’ झाला. ठसे खोदणाऱ्याला कुणी शुद्धलेखन तपासून दिलं नव्हतं, आणि म्हणूनच ही नाणी वाचताना एकेका कारागिराचा हात ओळखू येतो. ‘श’च्या जागी ‘स’ असलेली पाच नाणी मी वेगळी लावली आहेत.

शिवराईशेजारी मुद्दाम एक अंकुशी रुपया ठेवला आहे. अंकुशाची खूण पुण्याच्या टाकसाळीची. रुपया मराठ्यांनी पाडलेला, पण त्यावरचा मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. चांदीचा रुपया दूरदूर चालायला हवा, सराफाने तो ओळखायला हवा, म्हणून जुना साचा तसाच ठेवला गेला. तांब्याचा पैसा मात्र बाजारहाट करणाऱ्यांच्या कनवटीला असायचा, आणि त्यावर देवनागरीत ‘छत्रपति’. ही दोन नाणी एका चौकटीत ठेवून मी खूप वेळ बघत बसतो. अठराव्या शतकाबद्दल पुष्कळ पानं वाचूनही जे मला नीट कळलं नव्हतं, ते या दोघांनी शेजारी बसून सांगितलं.

ट्रेमध्ये एक शिवराई अशी आहे की जी कुठलाही संग्राहक नाकारेल. लहानपणी मी ती चिंच लावून घासली होती. लख्ख गुलाबी झाली तेव्हा फार आनंद झाला होता. शतकं लागून तांब्यावर चढलेला गडद तपकिरी थर मी दहा मिनिटांत काढून टाकला, हे पुढे कळलं. आता तिच्यावर पुन्हा रंग चढतो आहे, पण तो डागाडागांचा आहे आणि अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्या कुणालाही मी आधी ही दाखवतो, मग चांगली. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, मऊ ब्रशने टिपा, पूर्ण कोरडं करा, एवढंच.

चांदीमध्ये माझं सगळ्यात लाडकं नाणं बाजाराच्या हिशेबात दुय्यम आहे. १८६२ सालचा राणीछाप रुपया, मुकुटाच्या वर डाग देऊन जोडलेल्या कडीची खूण. कुणाच्या तरी गळ्यात माळेत होता. कडी नंतर कुणी काढली, पण डागाचा ओबडधोबड उंचवटा राहिला. पाडताना वजन ११.६६ ग्रॅम असायचं, याचं डागासकट ११.४१ भरतं. राणीचा गाल आणि केसांची वेणी झिजली आहे. हातोहात फिरून झिजलेला रुपया सगळीकडून सारखा झिजतो, हा मात्र पाठच्या बाजूने जास्त झिजला आहे. ती बाजू, म्हणजे जिथे साल असतं ती, कातडीला लागून असणार.

आणि सालाचीही गंमत आहे. १८६२ लिहिलेलं असलं म्हणून तो त्याच वर्षी पाडला असं नाही. १८७४ पर्यंत हेच साल ठेवून रुपये पाडले जात होते. त्याआधी कंपनीच्या १८४० सालच्या रुपयाचंही असंच झालं होतं. मुंबईच्या टाकसाळीने वर्षं ओळखण्यासाठी बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली आणि ती मोजणं हा आपल्यातल्या कित्येकांचा आवडता उद्योग आहे. माझ्याकडच्या दुसऱ्या दोन १८६२ च्या रुपयांची टिंबं भिंगाखाली स्पष्ट मोजता आली. या माळेतल्या रुपयाची पार पुसली गेलीत. ज्या बाईने तो घातला असेल तिच्या अंगाने ती पुसली. त्याच्या कप्प्यावर मी ‘१८६२–७४’ एवढंच लिहिलं आहे.

ऑगस्टमध्ये एक धडा मिळाला. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया, जो चलनात फारच थोडा आला आणि म्हणून सगळ्यांना हवा असतो, तो एका विक्रेत्याकडून घेतला. हातात घेतल्यावर रंग पटला, ठसाही बरा वाटला. घरी काट्यावर ठेवला तर ११.०२ ग्रॅम. जवळजवळ न झिजलेल्या नाण्यात सहा दशांश ग्रॅम कमी असूच शकत नाही. मग पाण्याची चाचणी केली. ती इथे सविस्तर लिहितो, कारण तिला काहीही खर्च नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाची घनता १०.३ च्या आसपास येते, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काटा १.१३ दाखवतो. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली, त्या रुपयांची साडेनऊच्या जवळ येते. माझ्या ‘१९३९’ने १.२५ दाखवलं, म्हणजे घनता ८.८. चांदी नाहीच. कडेवर भिंग फिरवलं तेव्हा दात्यांमधून जाणारी साच्याची जोडरेघही सापडली, जी मी आधी बघायला हवी होती. रुपया परत घेतला गेला नाही. तो ट्रेमध्ये नाही, पण डब्यातही टाकलेला नाही. काट्याशेजारी तुलनेसाठी ठेवला आहे आणि त्यानंतर आलेला प्रत्येक चांदीचा रुपया आधी त्याच्याशेजारी उभा राहतो.

याच ओघात सांगतो, देवादिकांची चित्रं आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली जी तांब्या-पितळेची नाणी सतत दाखवली जातात, ती चलनी नाणी नाहीत. कंपनीने असा एकही पैसा पाडला नाही. त्यांना चुंबकशक्ती, तांदूळ ओढण्याची शक्ती वगैरे चिकटवून लोकांना लुबाडलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया यंदा मिळाला, तोही खरा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. सोंड आखूड आणि अंग बसकं, त्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बरेचसे रुपये वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. दोन्ही वर्षांचे रुपये दहापट भिंगाखाली ठेवून बघितले. फरक पायांच्या लांबीत आणि सोंडेत आहे. माझा १९११ चा रुपया झिजलेला आहे, तरी सोंड कळते.

छोटी नाणी थोडक्यात. भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७ अशी पाचही वर्षं पूर्ण झाली. युद्धात तांबं वाचवायचं म्हणून मध्ये भोक पाडलं आणि वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याखाली आणलं. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, चुंबकाला टपकन चिकटतो. ‘रुपया चुंबकाला चिकटला म्हणजे खोटा’ हा सरसकट नियम तिथे मोडतो. १९५० चा घोड्याचा पैसा आहे, चवली आहे, पावली आहे. अधेली, म्हणजे आठ आण्यांचं नाणं, अजून मनासारखी मिळालेली नाही.

त्यांच्या शेवटी १९५७ चा नया पैसा आहे, जेमतेम दीड ग्रॅमचा, त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं लिहिलेलं. आधी रुपयाचे ६४ पैसे होते, १ एप्रिल १९५७ पासून १०० झाले. दोन्ही पैसे बाजारात एकत्र फिरणार, म्हणून ‘नया’. आण्याचे सव्वासहा नये पैसे कसे द्यायचे हा रोजचा तंटा. चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस होत होते, त्यामुळे पंचवीस पैशांना लोक पुढेही चार आणेच म्हणत राहिले, अगदी ३० जून २०११ ला ते नाणं बंद होईपर्यंत. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द नाण्यावरून गेला. नाण्याने स्वतःची ओळख करून देण्यासाठी अंगावर हिशेब लिहून फिरावं, याची मला फार माया वाटते.

जपणुकीची एकच नोंद. जुन्या अल्बमची मऊ प्लास्टिकची पानं काढून टाकली. पीव्हीसीमुळे तीन पैशांवर हिरवट चिकट थर आला होता. ॲसिटोनमध्ये बुडवून तो निघाला, पण एका पैशाचा पृष्ठभाग खाल्ला गेलाच. आता सगळं मायलरची पारदर्शक फिल्म लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटींत आहे आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलतो.

आता वर्षातल्या सगळ्यात मोठ्या घटनेकडे येतो. शिवराईच्या फोटोंवरून ट्रेसिंग पेपरवर अक्षरं गिरवून पूर्ण ठसा जुळवायचा, असा बेत होता. महिनाभरातच लक्षात आलं की वेगवेगळ्या ठशांचे तुकडे जोडले तर जे तयार होईल ते कधी अस्तित्वातच नव्हतं. एकाच ठशाची दोन नाणी सापडली तरच ती जोडता येतील. मग सगळे फोटो एका मापात छापले आणि रोज रात्री दोन-दोन पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून बघू लागलो. ३७ नाण्यांच्या ६६६ जोड्या होतात. जानेवारीत क्रमांक ९ आणि क्रमांक ३१ जुळली. ‘जा’च्या कान्याला खाली डावीकडे वळलेलं टोक, आणि वर्तुळातली दोन टिंबं एकमेकांना चिकटलेली. दोन्ही नाण्यांवर अगदी तेच.

क्रमांक ९ माझ्याकडे चौदा वर्षं आहे. ३१ यंदा आली, वेगळ्या जिल्ह्यातून, वेगळ्या माणसाकडून. एका टाकसाळीत, एका ठशाखाली, कदाचित एकाच दिवशी पाडलेले दोन पैसे इतकी वर्षं कुठे कुठे फिरून एका टेबलावर आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोघींवर ‘रा’ आणि ‘जा’च्या मधून जाणारी एक बारीक उंच रेघ आहे. ठशाला चीर गेली की धातू तिच्यात शिरतो आणि नाण्यावर अशी रेघ उमटते. ९ वर ती ‘जा’पाशी थांबते. ३१ वर ती पुढे टिंबांपर्यंत जाते. म्हणजे ९ आधी पाडली गेली, ३१ नंतर. दोन्ही मिळून पहिली बाजू जवळजवळ पूर्ण होते, ‘श्री’चा वरचा भाग तेवढा बाकी आहे.

आता तिसरं नाणं शोधतो आहे, चीर जाण्याआधीचं. खूण सांगून ठेवतो. ‘जा’चा काना खाली डावीकडे वळलेला, आणि त्याच्या सरळ खाली, ‘व’च्या उजवीकडे, वर्तुळात दोन टिंबं जोडलेली. फोटो समोरून घेतला तर हे दिसत नाही. दिवा नाण्याच्या पातळीत, डाव्या हाताला ठेवून बघावं लागतं.